सांडूअप्पांची तिकिटं

सांडूअप्पा बोराडे शिंकण्याआधी कळवत.

"सायेब, शिंक येऊन राह्यली," असं म्हणून ते उजवा हात वर धरत, चौकातला पोलीस गाड्या थांबवतो तसा. मग आमच्या खोलीतलं सगळं थांबे. टाइप करणारा थांबे, फोनवर बोलणारा पलीकडच्याला "एक मिनिट हं" म्हणे. शिंक आली की अप्पा "आली" म्हणून कळवत. आणि कधी ती ऐन वेळी परत फिरली तर नाक चोळत, दिलगिरीच्या सुरात सांगत, "रद्द झाली. चालू द्या तुमचं."

मी तेव्हा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका बियाण्यांच्या कंपनीत कॉम्प्युटरवाला होतो. नेमणूकपत्रात काहीतरी लांबलचक हुद्दा लिहिलेला होता, पण गेटवरच्या वॉचमनपासून थेट शेठजींपर्यंत सगळे मला कॉम्प्युटरवाला म्हणत. प्रिंटरमध्ये कागद अडकला की मला बोलावत आणि पंखा बंद पडला तरी मलाच, कारण दोन्ही विजेवर चालतात. अप्पा मेंटेनन्सला. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकुळे, डोक्यावर टोपी, शर्टाच्या खिशात तीन पेनं. भोकरदन तालुक्यातलं धावडा हे त्यांचं गाव. पण वीसएक वर्षं ते जालन्यातच एका खोलीत राहत होते. माझ्या वेळी एकटेच.

कंपनीत येणारी प्रत्येक तक्रार अप्पांच्या वहीत लिहिली जाई. लाल कापडी बांधणीची ती वही ते काखेत घेऊनच फिरत. समजा, पॅकिंगमधलं पिशव्या शिवायचं मशीन अडलं. अप्पा आधी ते वहीत लिहीत. मग चालत जाऊन इलेक्ट्रिशियन रऊफभाईला सांगत. मग परत पॅकिंगमध्ये येऊन "सांगून आलो" असं कळवत. पुन्हा जाऊन बघत आणि परत येऊन कळवत, "निघून राह्यला." त्यानंतर, "पाना विसरला व्हता, माघारी गेला." मग, "आता बराबर निघाला." एवढ्यात बऱ्याचदा मशीन आपोआप सुरू झालेलं असे. ते कळवायला अप्पा उलट्या पावली रऊफभाईकडे जात. दोघांची गाठ वाटेत कुठंतरी पाण्याच्या टाकीजवळ पडे.

"अप्पा, आप थकते नहीं क्या?" रऊफभाई विचारत.

"थकायचं काय त्यात? मानसाला खबर असली म्हंजे जीव खाली बसतो. काम उशिरा झालं तं चालतं, पन खबर जल्दी पायजे."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. काम उशिरा, खबर जल्दी. आम्ही त्यांच्या माघारी त्याची टिंगल करायचो. फक्त एकदा ते तापानं तीन दिवस घरी राहिले, तेव्हा सगळ्या कंपनीत कोणाला कशाचा पत्ता नव्हता. बियाणं वाळवायच्या ड्रायरची मोटर तिसऱ्या दुपारपासून जळका वास सोडत होती आणि दुसऱ्यानं कोणीतरी सांगितलं असेल, असं समजून सगळे नाकाला रुमाल लावून काम करत होते. चौथ्या दिवशी अप्पा आले. दारातूनच त्यांनी वास घेतला आणि काहीही न कळवता धावत जाऊन मेन स्विच पाडला. मोटर वाचली. मग त्यांनी पुढचा पाऊण तास आपण स्विच पाडल्याचं खातेवार कळवलं.

एकदा शेठजी हैदराबादला गेले आणि तिथल्या कोणत्यातरी कारखान्यात त्यांनी पाहिलं की तक्रारी वहीत नाही, कॉम्प्युटरवर नोंदवतात. परत आल्याबरोबर त्यांनी मला बोलावलं. "तसलं आपल्याकडे पाहिजे. आठ दिवसांत."

तसलं म्हणजे काय ते मी शोधून काढलं. इंटरनेटवर फुकट मिळणारी एक प्रणाली उतरवून घेतली. ती उतरायलाच दोन दिवस लागले, कारण आमचं इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं आणि मध्येच कोणी रिसीव्हर उचलला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी ती एकदाची बसवली आणि अप्पांना शिकवायला घेतलं.

"हे करतं काय, सायेब?"

"कोणी तक्रार नोंदवली की तिला नंबर पडतो. त्याला तिकीट म्हणतात."

"यस्टीवानी?"

"तसंच समजा."

"मंग कंडक्टर कोन?"

मी क्षणभर विचार केला आणि म्हणालो, "तुम्ही."

अप्पांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी लाल वही टेबलाच्या खणात ठेवली, खण बंद केला आणि खुर्ची पुढे ओढली.

त्यांना खरा मोह पडला तो पुढच्या पानाचा. तिकिटाचं काही झालं की लोकांना आपोआप मेल जावा, यासाठीचं ते पान होतं. वरच्या बाजूला घटना लिहिलेल्या: तिकीट नवं झालं, कोणाकडे सोपवलं, कोणी काही लिहिलं, काम झालं, तिकीट बंद झालं, बंद झालेलं पुन्हा उघडलं. डाव्या बाजूला माणसं: तक्रार करणारा, काम करणारा, मॅनेजर, मालक आणि सगळ्यात शेवटी 'पाहणारे'. मध्ये रिकामे चौकोन. ज्या चौकोनात खूण कराल, त्या घटनेचा मेल त्या माणसाला जाणार.

"पाहनारे म्हंजे?"

"ज्यांचा कामाशी थेट संबंध नाही, पण ज्यांना माहिती हवी आहे, असे. तिकिटावर त्यांचा मेलचा पत्ता लिहिला की झालं."

"म्हंजे आमचा समदा गाव," अप्पा म्हणाले. "हां, आता कोणत्या चौकोनात खूण करायची?"

"ते आपण ठरवू."

"ठरवायचं काय? समद्यांत."

"अप्पा, लोकांना दिवसभर मेलच येत राहतील."

"सायेब, तुमच्या घरी लग्न निघालं. पत्रिका वाटताना एका घराला देता, दुसरं सोडता का? सोडलेलं घर वर्षभर तोंड फुगवून बसतं."

तीस चौकोन होते. अप्पांनी माऊस दोन्ही हातांनी धरून तिसांत खुणा केल्या, प्रत्येक खुणेला "हां, ही एक" असं म्हणत. आणि मी आणखी एक शहाणपण केलं. आलेल्या मेलला उत्तर दिलं की ते उत्तर आपोआप तिकिटाखाली नोंदलं जाईल, अशी सोय करून ठेवली. म्हटलं, शेठजींना बरं पडेल.

त्या शनिवारी शेठजी इंदूरला एका लग्नाला निघाले. जाताना मला म्हणाले, "माझ्या मेलवर पाटी लाव. मी बाहेरगावी आहे, आल्यावर बोलू. ज्याचा मेल येईल त्याला आपोआप गेलं पाहिजे." मी पाटी लावली. ते गेले. दुपारी अप्पांनी एक तिकीट फाडलं: ग्रेडिंगच्या चाळणीचा पट्टा सैल.

सोमवारी सकाळी मी खोली उघडली, तेव्हा सर्व्हर दमेकऱ्यासारखा धापा टाकत होता. अप्पा आधीच येऊन पडद्यासमोर बसले होते आणि बोट ठेवून वाचत होते.

पट्ट्याच्या तिकिटाखाली शेठजींची नोंद होती: मी बाहेरगावी आहे, आल्यावर बोलू. त्याखाली पुन्हा शेठजी: मी बाहेरगावी आहे, आल्यावर बोलू. त्याखाली पुन्हा तेच. मी पान खाली खाली सरकवत राहिलो, शेठजी संपेनात. झालं होतं असं की, तिकिटाचा मेल शेठजींना गेला, पाटीनं उत्तर दिलं, उत्तर तिकिटाखाली नोंदलं गेलं, नवी नोंद झाली म्हणून शेठजींना पुन्हा मेल गेला, पाटीनं पुन्हा उत्तर दिलं. शनिवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत हे अखंड चाललं होतं. आणि प्रत्येक वेळी मॅनेजर कुलकर्णी साहेबांना, रऊफभाईला, सगळ्या पाहणाऱ्यांना एकेक मेल.

"मालक असावा तं असा," अप्पा भारावून म्हणाले. "लग्नाच्या गडबडीत मानूस, पन दोन दिवस डोळ्याला डोळा न्हाई. सारखं कळवून राह्यला. आन् आपन इथं पट्टा तसाच ठेवलाय."

"अप्पा, ते शेठजींनी लिहिलेलं नाही. मशीननं लिहिलंय."

"नाव तं शेठजीचं हाय."

"नाव त्यांचं, पण लिहिणारं मशीन."

अप्पांनी पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं. "म्हंजे मानूस कळवून न्हाई राह्यला, पन मानसाची खबर पोचून राह्यली."

"हो. तसंच."

"लईच भारी हाय हे," ते म्हणाले आणि पट्टा बदलून घ्यायला निघून गेले.

मी दिवसभर बसून ते सगळं पुसलं. मेलला उत्तर देण्याची सोय काढून टाकली आणि प्रत्येक मेलच्या तळाशी एक ओळ घातली: हा मेल यंत्राने पाठवला आहे, कृपया उत्तर देऊ नये. त्याखाली कंपनीचा पत्ता आणि फोन नंबर. तीस चौकोनांतल्या बावीस खुणा काढल्या. अप्पांना वाईट वाटेल म्हणून 'पाहणारे' या ओळीला मात्र हात लावला नाही.

यानंतर अप्पांची तिकिटं हळूहळू बदलत गेली. सुरुवात मशीनपासूनच होई, पण शेवट कुठंही जाई. "पिशव्या शिवायचं मशीन नंबर दोन, सुई तुटली, बदलली. आज वारं लई सुटलं. चौकातल्या हाटेलात भजे चांगले भेटले." कधी मशीनचा पत्ताच नसे. "गुडघा. डावा. उठताना कटकन वाजतो. सोपवलं: सांडू बोराडे. स्थिती: काम चालू." चार दिवसांनी त्याच तिकिटाखाली, "गुडघा आज बरा. जिना चढलो."

एकदा तर त्यांनी "सकाळी भाकर करपली, आच जास्त झाली" हे तिकीट चुकून रऊफभाईकडे सोपवलं. रऊफभाईनं खाली लिहिलं, "आँच कम करो," आणि तिकीट बंद केलं. दुसऱ्या दिवशी अप्पांनी ते पुन्हा उघडलं: "आच कमी केली. भाकर कच्ची ऱ्हायली."

"अप्पा, हे मशीनच्या तक्रारींसाठी आहे," मी त्यांना म्हणालो.

"सायेब, मी बंद पडलो तं मशीनी कोन पाहील? मंग मीबी एक मशीनच की."

कंपनीत हा करमणुकीचा विषय झाला. सकाळी आल्याबरोबर लोक आधी अप्पांचं तिकीट वाचत. म्हाताऱ्याचं डोकं जरा सरकलंय, असं सगळ्यांचं मत पडलं आणि त्या मताला माझीही मान डोलली.

हे असं वर्षभर चाललं असेल. एक दिवस टेलिफोनची तार फार वेळ अडकून राहायला लागली म्हणून मी बाहेर जाणारे मेल तपासायला बसलो. कंपनीतले मेल कंपनीतच फिरत. बाहेरचे साठून राहत आणि सकाळ-संध्याकाळ फोन जोडला की जात. त्या साठ्यात मला एक पत्ता दिसला. पुन्हा दिसला. मग दिसतच राहिला. फुकट मिळणाऱ्या मेलवरचा पत्ता, दोन अक्षरं आणि पुढं काही आकडे. नाव नाही, गाव नाही. सांडूअप्पांच्या एकूण एक तिकिटाच्या 'पाहणारे' या रकान्यात तो लिहिलेला होता. कंपनीतली प्रत्येक सुई, प्रत्येक पट्टा, प्रत्येक मोटर वर्षभर कोणालातरी बाहेर कळवली जात होती.

मी ते थेट अप्पांना विचारायला हवं होतं. मी ते कुलकर्णी साहेबांना सांगितलं. या एका गोष्टीची लाज मला अजून वाटते.

कुलकर्णी साहेब हे संशयासाठीच जन्माला आलेले गृहस्थ. त्यांनी अप्पांच्या सगळ्या तिकिटांचे कागद काढायला लावले आणि ते गठ्ठ्यानं शेठजींच्या टेबलावर ठेवले. मला कोपऱ्यात बसवलं. त्या वर्षी आमची बाजरीची आणि कापसाची अशी दोन नवी वाणं बाजारात यायची होती. शेठजींना रात्रंदिवस एकच धास्ती होती, ती म्हणजे दुसऱ्या कंपनीला सुगावा लागण्याची.

"हे साधं लिखाण नाही शेठजी, ही सांकेतिक भाषा आहे," कुलकर्णी साहेब म्हणाले. "हे बघा. भाकर करपली, आच जास्त झाली. भाकर म्हणजे काय? बाजरी. आपली नवी बाजरी. आच म्हणजे ड्रायरचं तापमान."

शेठजींनी चष्मा चढवला. "आणि हा गुडघा?"

"उगवण. आधी गुडघा दुखतो, म्हणजे उगवण कमी. मग गुडघा बरा, जिना चढलो. उगवण वाढली."

"बाप रे!" शेठजी म्हणाले. "आणि हे काय? शेजारच्या मांजरीला तीन पिल्लं झाली."

कुलकर्णी साहेबांनी कागद उजेडात धरला. "तीन नवी वाणं."

"पण आपण तर दोनच काढतोय."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग शेठजी अगदी हळू आवाजात म्हणाले, "कुलकर्णी, तिसरं कोण काढतंय?"

अप्पांना आत बोलावलं. शेठजींनी पत्ता दाखवून विचारलं, "बोराडे, हा कोण?" अप्पांनी पत्ता वाचला, कागदांचा गठ्ठा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि खाली बघायला लागले. उभ्या आयुष्यात त्यांना कोणी काही विचारलं आणि त्यांनी सांगितलं नाही, असं झालं नसेल. त्या दिवशी ते झालं. शेठजींनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा अप्पा एवढंच म्हणाले, "कंपनीचं नुकसान न्हाई केलं, शेठजी. त्याच्या पुढचं मी न्हाई सांगू शकत."

"शनिवारपर्यंत सांगा. नाहीतर सोमवारपासून येऊ नका. तोवर गेटवर बसून राहायचं, कामाला हात लावायचा नाही." आणि मला म्हणाले, "तो पत्ता आत्ताच्या आत्ता काढ."

मी काढला. तो सोमवार होता.

संध्याकाळी मी गेटवर गेलो. अप्पा वॉचमनच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. मी शेजारी बसलो आणि माफी मागितली. त्यांनी हातानंच ती बाजूला सारली.

"तुमचं काम व्हतं ते. खबर दिली तुमी. बराबर केलं."

"पण अप्पा, कोण आहे तो?"

समोरून एक ट्रक आत गेला. मग अप्पा म्हणाले, "पोरगी हाय माझी. रेखा."

अप्पांना मुलगी आहे, हे मला तेव्हा कळलं. बायको रेखाच्या लहानपणीच वारली होती. अप्पांनीच वेण्या घालून, डबे करून तिला वाढवलं, कॉलेजात घातलं. तिथं तिनं आपल्या मनानं एका मुलाशी लग्न ठरवलं. गावातल्या भाऊबंदांनी अप्पांना घेरलं. अप्पा तिला म्हणाले, आजपासून तुझं-माझं बोलनं बंद. माझं काही तुला कळनार न्हाई, आन् तुझं काही मला कळवू नको. ती नाशिकला निघून गेली. या गोष्टीला चार वर्षं झाली होती. तिचा मेलचा पत्ता अप्पांच्या बहिणीनं चिठ्ठीवर लिहून दिला होता, न मागता.

"बहिनीकडं तिची चौकशी कधी केली न्हाई, आन् तिला करूबी देली न्हाई," अप्पा म्हणाले. "शब्द म्हंजे शब्द."

"आणि हे मेल?"

"ते मी कुठं धाडले? मी तं सुईची तक्रार लिहिली. धाडलं मशीननं." ते घाईघाईनं, जणू कोर्टात उभे असल्यासारखे बोलायला लागले. "शेठजीचं नव्हतं का तसंच झालं? मानूस बोलून न्हाई राह्यला, खबर पोचून राह्यली. आन् तिला उत्तर द्यायचीबी सोय न्हाई, खाली लिहिलेलंच हाय. मंग बोलनं झालं का? सांगा तुमी. बिलकुल न्हाई."

"तिला एकदा नुसता फोन केला असता तर?"

"चार वर्षं झाली. आता काय म्हनून करू?"

"निदान शेठजींना तरी खरं सांगा. नोकरी जाईल."

"शेठजीला सांगितलं तं कुलकर्नी सायबाला कळंल. कुलकर्नी सायबाला कळलं तं भोकरदनपोत्तर जाईल. गाव म्हनंल, सांडू चोरून पोरीसंगं बोलत व्हता. मी बोललोच न्हाई ना, सायेब! मंग फुकटचं नाव काहून घ्यायचं?" त्यांनी माझा हात धरला. "तुमीबी कोनाला कळवू नका."

मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदा अप्पा कोणाला काही न कळवण्याबद्दल सांगत होते. मी शब्द दिला.

मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवार गेला. अप्पा सकाळी वेळेवर येऊन बाकावर बसत आणि सुटी झाली की उठून जात. वॉचमन मला दोनदा येऊन सांगून गेला, म्हातारा एक शब्द बोलत नाही, मला करमेना झालंय. आत मशीनं बिघडत होती. पण आता ते कोणी नोंदवत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी शेठजींच्या केबिनमध्ये त्यांचा प्रिंटर उघडून बसलो होतो. फोन वाजला. शेठजींनी उचलला.

"हां, बोला... कंपनी बंद? कोण म्हणतं बंद?... नाही हो बाई, चालू आहे... कोणता पट्टा?" त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "कोणी बाई आहे. विचारते, चार दिवस झाले, तुमच्याकडे काहीच कसं बिघडलं नाही? असं कधी होत नाही म्हणते. बोराडे बरे आहेत ना, विचारते."

मी शब्द दिलेला होता. पण माझ्या हातातला स्क्रू खाली पडला आणि शेठजींनी तो पडताना पाहिला.

"तुम्ही कोण बोलता?" त्यांनी फोनवर विचारलं. मग ते पुष्कळ वेळ नुसतं ऐकत राहिले. समोर कुलकर्णी साहेबांनी लावलेला कागदांचा गठ्ठा होता. ऐकता ऐकता शेठजींनी वरचा कागद उचलला, वाचला, खाली ठेवला, दुसरा उचलला. शेवटी मला म्हणाले, "बोलव त्याला."

अप्पा आले ते दारातच थबकले. "शेठजी, राजीनामा लिहून आनलाय," असं म्हणून त्यांनी खिशात हात घातला.

"तो राहू द्या. तुमच्या मुलीचा फोन आहे."

अप्पांचा हात खिशातच राहिला. "माझं बोलनं न्हाई तिच्यासंगं. शब्द देलेला हाय."

"ती विचारते, तुम्ही बरे आहात का?"

अप्पा भिंतीकडे बघत म्हणाले, "सांगा, बरा हाय."

"बरे आहेत," शेठजींनी फोनात सांगितलं. या कंपनीत शेठजींनी कधी कोणाचा निरोप कोणाला दिल्याचं मला आठवत नाही. ते निरोप धाडत, नेणारे वेगळे होते. पण आता ते टेबलावर कोपर टेकून, एका कानानं ऐकत आणि दुसऱ्या बाजूला सांगत होते. "ती म्हणते, मग चार दिवस कुठं होता?"

"सांगा, कामात व्हतो."

"कामात होते... ती म्हणते, तब्येतीला जपा... ती म्हणते, तिकडं सगळं ठीक आहे... काय? थांबा." शेठजी जरा गोंधळले. "म्हणते, आज पोरीला तेल लावताना बोटाला काहीतरी टोचलं. पाहिलं तर दात आलाय म्हणते."

"कोनाच्या पोरीला?"

शेठजींनी विचारलं आणि ऐकलं. मग रिसीव्हर थोडा खाली घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "तिच्या. आठ महिन्यांची आहे. तुम्हीच म्हणाला होतात म्हणे, काही कळवू नको. म्हणून कळवलं नाही."

अप्पांनी टोपी काढली. पुन्हा घातली. पोरीचा वरचा दात आधी आला तर तो मामाला जड जातो, असं आमच्याकडे सगळेच मानतात. रेखाला तर भाऊच नव्हता. तरी अप्पा एकदम दोन पावलं पुढे आले.

"वरचा का खालचा?"

"काय?"

"दात, शेठजी. वरचा का खालचा, इचारा तिला. जल्दी इचारा."

शेठजींनी विचारलं. थोडा वेळ कान देऊन राहिले आणि मग हताश होऊन त्यांनी रिसीव्हर टेबलावरून पुढे धरला. "ती रडते आहे. मला काही कळत नाही. घ्या, तुम्हीच विचारा."

अप्पांनी रिसीव्हरकडे पाहिलं, शेठजींकडे पाहिलं. हात शर्टाला पुसला. मग रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून कानाला लावला.

"रेखा," ते म्हणाले, "रडशील मंग. आधी सांग बरं, वरचा का खालचा?"